वाइंडिंग खात्यातली माझी चार वर्षं

मी मिलमध्ये अकरा दिवस काम केलं आणि घरात सांगत आले, चार वर्षं. आता लिहूनच टाकते, म्हणजे पुन्हा शब्द फिरवायला जागा राहणार नाही.

खोटं बोलायचं असं ठरवून काही बोलले नव्हते. सून नवीन घरात आली होती. एका सकाळी पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, "पाय दुखून राहिले वो आई, पहाटपासून उभी आहे." मला काय सुचलं कोण जाणे. म्हणाले, "आमी मिलमधी आठ आठ घंटे उभं राहत होतो." इथपर्यंत खरं होतं. अकरा दिवस का होईना, आठ तास उभी होतेच. पण तिनं लाटणं थांबवून विचारलं, "किती वर्षं?" आणि माझ्या तोंडातून निघालं, "चार." तीन का नाही, पाच का नाही? तीन थोडी वाटली असावीत आणि पाच म्हणजे थाप वाटली असती. अशी मी मोजूनमापून थापाडी.

पुढे त्या चार वर्षांना फांद्या फुटल्या. जॉबरला, म्हणजे खात्याच्या मुकादमाला, मी असं सुनावलं, तसं सुनावलं. शेजारणीचा साचा, म्हणजे तिचं यंत्रही मीच सांभाळलं. संपात तर गेटवर पहिल्या रांगेत होते. मिलमध्ये संप झाला तेव्हा खरी मी अंजनगावजवळ माहेरी, वडिलांच्या पानमळ्यात शिडीवर चढून पानं खुडत होते. नवरा हे सगळं मिशीतल्या मिशीत हसत ऐकायचा. एकदाच म्हणाला, "चारच का? मले वाटलं तू मॅनेजर होऊन रिटायर झाली." तो गेला, आणि माझ्या खोट्याला साक्षीदार उरला नाही.

सुनेला गप्प बसवण्यापुरतं हे राहिलं असतं तर निभलं असतं. पण ऐकायला नात होती. इथं अमरावतीत स्पर्धा परीक्षेच्या क्लासला जाते ती. पहिल्या खेपेला नापास झाली तेव्हा पोरीनं सगळी पुस्तकं गव्हाच्या रिकाम्या पोत्यात भरली, सुतळीनं तोंड बांधलं आणि पोतं जिन्याखाली नेऊन टाकलं. दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच ते ओढत वर आणलं. मी दारात उभी होते. म्हणाली, "आजी, तू चार वर्षं त्या आवाजात उभी राहिली. अन् मले खुर्चीवर बसून अभ्यास होत नाही? लाज वाटते मले." तेव्हाच सांगायला हवं होतं. मी तिला चहा करून दिला. आलं घालून.

तर गेल्या हिवाळ्यात ही नात मोबाइल नाचवत स्वयंपाकघरात आली. अकोल्याच्या त्या बंद पडलेल्या मिलच्या जागेवर आता बाग केली आहे म्हणे. नुसती बाग नाही. जुनी यंत्रं, चिमणी, भोंगा, सगळं जपून ठेवलं आहे. वारसा उद्यान. "आन् आजी, जुन्या कामगारांना बोलावून राहिले तिथं. त्यांचा फोटो, त्यांचं खातं आन् किती वर्षं काम केलं ते, असं भिंतीवर लावणार आहेत. मी तुयं नाव टाकलं!"

मी शेंगदाण्याचं कूट करत होते. हात थांबला.

"माये गुडघे दुखते वं," मी म्हटलं.

"चाकाची खुर्ची आहे तिथं. मी विचारलं."

"बीपी आहे मले."

"गोळी घेऊन चल."

"माया दाताचं काम अर्धवट आहे."

"मशीन पाहायला दात कायले लागतात?"

सून दारातून म्हणाली, "जा ना आई. तुमची चार वर्षं भिंतीवर येऊ द्या." तिच्या बोलण्यात काही खोच होती का, मला आजही कळलेलं नाही.

त्या रविवारी आम्ही सकाळच्या बसनं निघालो. नातीनं मला खिडकीजवळ बसवलं आणि प्रश्न सुरू केले. साचा किती लांब असायचा? धागा तुटला की काय करायचे? जेवायची सुट्टी किती? मी खिडकीबाहेर पाहत उत्तरं देत होते. बाहेर वेचणी चालली होती, बाया कमरेला ओटी बांधून कपाशीत वाकलेल्या. मनात आलं, उतरावं आणि त्यांच्यात जाऊन वाकावं. तिथं तरी मला काम येतं. मूर्तिजापूर गेलं तसे माझे तळहात ओले व्हायला लागले. पदराला पुसले, पुन्हा ओले.

भीती एकच असती तर मी ती पदराखाली झाकून नेली असती. चार वर्षांचं बिंग फुटेल ही एक. दुसरी या भीतीच्या पोटात दडलेली होती, आणि ती मी कुणालाच सांगितलेली नव्हती. त्या खात्यात एक बाई होती. ती जिवंत असेल तर?

एकोणीस वर्षांची होते मी. लग्नाला दोन महिने झाले होते. नवऱ्याचं अकोल्यात सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि शेजारच्या काकींच्या ओळखीनं मला वाइंडिंग खात्यात बदली कामगार म्हणून घेतलं. वाइंडिंग म्हणजे बॉबिनवरचा धागा शंकूसारख्या मोठ्या कोनावर गुंडाळायचा, तुटला तर गाठ मारायची. त्या खात्यात सगळ्या बायाच. पहिल्याच दिवशी जॉबरनं सांगितलं, दारापाशी कोनाडे आहेत, बांगड्या काढून त्यात ठेवायच्या, घरी जाताना घालायच्या. सगळ्या ठेवत होत्या. मी? दोन महिन्यांची नवरी, कोपरापर्यंत हिरवा चुडा, मी कशी काढणार? नवऱ्याच्या आयुष्याशी खेळ! मी आपल्या बांगड्या वर दंडाकडे चढवल्या, ब्लाउजच्या बाहीत कोंबल्या आणि जॉबरकडे पाहून गोड हसले. दुपारपर्यंत घामानं त्या पुन्हा मनगटावर यायच्या. पुन्हा कोंबायच्या. असे दहा दिवस. ती मुलगी आज माझ्यासमोर आली असती तर आधी दोन थोबाडीत दिल्या असत्या आणि मग पोटाशी घेतलं असतं. की उलट क्रमानं, ते सांगता येत नाही.

माझ्या शेजारच्या साच्यावर एक बाई उभी असायची. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी. बोलायची नाही फारसं, आणि त्या आवाजात बोलून ऐकूही येत नसे. तिचे हात उघडे, कपाळ कोरडं. मी पहिल्याच दिवशी मनाशी ठरवून टाकलं, बिचारी विधवा आहे. कोनाड्यात माझ्या डोळ्यांसमोर सगळ्यांच्या बांगड्या पडलेल्या असत. खात्यातल्या एकूण एक बाईचे हात उघडेच होते. पण बाकीच्यांच्या कपाळाला कुंकू होतं, हिच्या नव्हतं. झालं. घामानं ते पुसलं जातं, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. विचारायची तर पद्धतच नव्हती माझी.

अकराव्या दिवशी माझ्या हातून एक बॉबिन सुटली आणि घरंगळत साच्याच्या टोकाला गेली. तिथं चामड्याचा पट्टा चाकावर फिरत असायचा. त्याच्या जोडाला लोखंडी दात होते. मी वाकून हात घातला. दातात बांगडी अडकली. मला आठवतं ते एवढंच की माझा हात माझा राहिला नाही, तो दुसऱ्या कुणाच्या तरी मालकीचा असल्यासारखा पुढे निघाला. ओरडले असेन, पण माझं मलाच ऐकू आलं नाही. शेजारच्या बाईनं एका हातानं माझं कोपर धरलं आणि दुसऱ्या हातातली लाकडी बॉबिन माझ्या मनगटावर हाणली. एकदा, दोनदा, तीनदा. सगळा चुडा फुटला. हात सुटला. तिनं हे केलं नसतं तर आज हा मजकूर लिहायला मला डावा हात शिकावा लागला असता.

कुणीतरी यंत्र बंद केलं. सगळ्या बाया गोळा झाल्या. मनगटातून रक्त येत होतं, काचा रुतल्या होत्या. आणि मी काय केलं? मी हाताकडे पाहिलंच नाही. मला फक्त उघडं मनगट दिसलं. बांगड्या फुटल्या, म्हणजे तिकडे दुकानात नवरा मेला! त्या शांत झालेल्या खात्यात, चाळीसएक बायांसमोर मी त्या बाईला ओरडून म्हटलं, "तू सोता पांढऱ्या कपाळाची, म्हून माया बांगड्या फोडल्या!"

आणि पळाले. चपला तिथंच. रस्त्यानं रक्ताचे थेंब सांडत दुकानाशी गेले तर एक सायकल उलटी टाकलेली, आणि तिच्यामागून नवऱ्याचे दोन पाय बाहेर आलेले. हलत नव्हते. मी जी किंकाळी फोडली, ती ऐकून समोरचा पानवाला टपरी सोडून आला. नवरा पान्हा हातात घेऊन उठला. "काय झालं? माय गेली का तुयी?" तो चेनला तेल घालत होता आडवा पडून. मी तिथंच बसकण मारली. पुन्हा मिलच्या रस्त्यानं कधी गेले नाही. त्या बाईकडे तर नाहीच. वर्षभरानं आम्ही अमरावतीला आलो.

हे सगळं आठवत होते आणि नात विचारत होती, "आजी, जॉबर लय कडक होता का?"

उद्यानाच्या दारात उतरलो. चिमणी तशीच उभी, फक्त धुऊनपुसून काढलेली. तिच्याभोवती हिरवळ. जुन्या तुळयांची बाकं केली होती, आणि झाडांना दिव्यांऐवजी मागावरचे लाकडी धोटे टांगले होते. पोरं त्यांच्याखाली फोटो काढत होती. जिथं पूर्वी टाइमकीपर बसायचा त्या खिडकीत तिकीट मिळत होतं. सगळं इतकं छान होतं की मला वाटलं, बरं झालं, ही ती मिल नाहीच. आणि बरोबर त्याच वेळी भोंगा वाजला. ध्वनिमुद्रित होता, दर तासाला लावतात म्हणे. तरी मी कठड्याला धरलं.

"भारी ना, आजी?"

"लय भारी," मी म्हटलं. कठडा सोडला नाही.

आत एका मांडवात टेबल होतं आणि तिथं उद्यानातल्या एक बाई वही घेऊन बसल्या होत्या. तरुण, गळ्यात ओळखपत्र, बोलायला गोड. त्या म्हणाल्या, मिलचे जुने कागद वाळवीनं खाल्ले, म्हणून आम्ही एक पद्धत केली आहे. नवीन आलेल्या कामगाराला त्याच खात्यातल्या दुसऱ्या कामगारानं ओळखायचं आणि वहीत सही करायची. मगच भिंतीवर फोटो. "तुमचं खातं कोणतं, आजी?"

"वाइंडिंग," नात अभिमानानं म्हणाली. "चार वर्षं!"

"अरे वा. मग या आजींना भेटा. वाइंडिंगच्या सगळ्या बायकांच्या ओळखी याच देतात."

मांडवाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर एक म्हातारी बसली होती. अंगावर शाल, दोन्ही हात शालीत. चेहरा मी विसरले होते. पण मान ओळखली. साच्यासमोर उभी असताना ती डोकं जरासं उजवीकडे कलतं ठेवायची, धागा पाहायला. खुर्चीवर बसूनही तसंच होतं.

मी बाथरूम विचारलं.

बाथरूममध्ये किती वेळ होते, सांगत नाही. आतून कडी लावून मी उभी राहिले आणि विचार केला, मागच्या बाजूला दार असेल का. सत्तरीची बाई मी, गुडघ्याला पट्टा, आणि खिडकीचं माप घेत होते. बाहेरून नात दार वाजवत होती, "आजी, बरी आहेस ना? चल, मशीन सुरू करणार आहेत, सगळ्या आज्या उभ्या राहून राहिल्या!"

तर मशीन. खात्याच्या जुन्या शेडमध्ये एक साचा दुरुस्त करून ठेवला होता. त्याला छोटी मोटर बसवली होती, पट्ट्याला जाळी. सहा-सात म्हाताऱ्या त्याच्यासमोर रांगेत उभ्या होत्या, थट्टा करत, एकमेकींना ढोसत. मला शेवटची जागा मिळाली. नात समोर, मोबाइल वर धरून. शालवाली बाई खुर्चीसकट आत आणून बसवली होती, माझ्यापासून चार हातांवर.

मोटर सुरू झाली. हळू, अगदी लोण्यासारखी. तरी माझ्या पायाखालची जमीन जशी थरथरायची तशी थरथरली आणि मी डोळे मिटले. उघडले तेव्हा माझ्या रांगेतल्या सगळ्या बाया एकच गोष्ट करत होत्या. कुणी कमरेतून रुमाल काढला, कुणी जुन्या धोतराची पट्टी. आणि मान खाली न घालता, बोलणं न तोडता, त्यांनी ती आपापल्या बांगड्यांवर गुंडाळून टोक आत खोचलं. पदर सावरावा तसं. एकीलाही विचार करावा लागला नाही.

मी तशीच उभी. हातात चार-चार बांगड्या, नवरा गेल्यावरही न काढलेल्या, उघड्या.

उद्यानातल्या बाई लोकांना सांगत होत्या, "ही या खात्याची खास पद्धत. बांगड्या काढायच्या नाहीत, चिंधीनं बांधायच्या. तिकडे काचेच्या पेटीत तुम्हाला त्या वेळची चिंधी पाहायला मिळेल." लोक पेटीकडे वळले. नात वळली नाही.

"आजी, तू नाही बांधली?"

"इसरली," मी म्हटलं.

"चार वर्षं रोज केलं ते इसरली?"

तिच्या आवाजात शंका नव्हती, नुसतं कुतूहल होतं. त्यानंच मला जास्त भीती वाटली. हीच पोरगी, जिन्याखालचं पोतं ओढत वर आणणारी. मला ते पोतं दिसायला लागलं, परत खाली जाताना.

शालवाली बाई खुर्चीवरून उठली. हळूहळू माझ्याकडे आली. शालीतून एक हात काढला आणि माझा उजवा हात धरला, कोपराशी, अगदी तेव्हासारखा. मनगट उजेडाकडे वळवलं. बांगड्यांच्या मागे पांढऱ्या बारीक रेघा आहेत, घरी कुणाला दिसत नाहीत. तिला दिसल्या.

"अवो," ती म्हणाली, "थे तूच का वं?"

मी नातीला म्हटलं, "बाई, जाय, आमच्यासाठी चहा आण दोन." ती गेली. जाताना दोनदा मागे वळून पाहिलं तिनं.

आम्ही दोघी तुळईच्या बाकावर बसलो. मला वाटलं होतं ती ओरडेल. ती आरामात बसली, शाल नीट केली, आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "शबुद शबुद आठोते मले."

"मावशी, मी…"

"थांब. माहा नवरा होता तवा. चांगला धडधाकट. कपायाचं कुकू घामानं वाहून जाये, म्हून मी लावतच नव्हती कामावर. तू बोलली आन् पळाली. मंग माये बी हातपाय गार पडले ना. म्हनलं, या पोरीची जीभ लागते का काय! मी बी मशीन सोडून घरी पळाली. तुया मागूनच निघाली, चपला न घालता."

"मंग?"

"मंग काय? थो खाटेवर बसून पापड खाऊन राहिला होता. मले म्हने, सुट्टी झाली का?" ती हसली. दात दोनच होते, पण हसली पुरेपूर. "मंग थो गेला, पन चाळीस वर्षांनं, त्याच्या त्याच्या खोकल्यानं. तुया जिभेनं नाही."

ती पुढे सांगत राहिली. दुसऱ्या दिवसापासून तिनं बांगड्या कोनाड्यात ठेवणं सोडलं. पुन्हा कुणी आपले उघडे हात पाहून तसं बोलायला नको, म्हणून. पण अडकायलाही नकोत, म्हणून तिनं नवऱ्याच्या फाटक्या धोतराची पट्टी त्यांच्यावर गुंडाळली. तिचं पाहून शेजारचीनं गुंडाळली. मग तिच्या शेजारचीनं. "जॉबर आठ दिवस बोंबलला. मंग गप झाला. आता थे चिंधी काचंच्या पेटीत ठेवली यायनं. लोकं फोटो काढतात. मले इचारतात, आजी ही पद्धत कुठून आली. मी म्हनतो, होती एक येडी नवरी."

म्हणजे मला ती पद्धत ठाऊक नव्हती कारण ती माझ्यामुळे सुरू झाली होती, माझ्या पाठीमागे. मला हसू आलं असतं, पण भीतीनं ते वर येईना.

"चुकलं मायं," मी म्हटलं.

"चुकलंच," ती म्हणाली.

माफ केलं असं ती म्हणाली नाही. मी विचारलंही नाही. तेवढं शहाणपण मला आता आलं आहे.

नात चहा घेऊन आली. तिच्यासोबत त्या वहीवाल्या बाई. चहाचे कप आमच्या हातात देऊन नातीनं विचारलं, "ओळखलं का तुमी माया आजीले?"

"हाव," शालवाली म्हणाली. "चांगलीच ओळख आहे."

वहीवाल्या बाईंनी पेन उघडलं. "छान. मग किती वर्षं लिहू?"

शालवालीनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, सांगेल. एका परीनं वाटत होतं, तिनंच सांगून टाकावं, सुटेन. ती चहात फुंकर घालत म्हणाली, "मी सही करीन. आकडा तिचा तिले इचारा."

नात समोर उभी, मोबाइल चालू. चार म्हणायला अर्धा क्षण लागला असता, सवयीचा शब्द तो. शालवाली काही बोलली नसती, हे मला तेव्हा कळलं होतं. म्हणूनच चार म्हणता येईना.

"अकरा," मी म्हटलं.

"अकरा वर्षं!" वहीवाल्या बाईंचा चेहरा उजळला आणि पेन कागदावर टेकलं. खोटं सांगत नाही, त्या क्षणीही माझ्या आतली ती थापाडी उठून बसली. चारापेक्षा अकरा काय वाईट? नात तर खूशच होईल. पेनानं पहिला एक काढला. दुसरा काढला.

"दिवस," मी म्हटलं. "अकरा दिवस."

नातीचा मोबाइल खाली आला.

वहीवाल्या बाई गोंधळल्या. रकान्यात छापलेलंच होतं, वर्षं. त्या एकदा माझ्याकडे पाहत होत्या, एकदा वहीकडे. शालवाली म्हणाली, "लेहा, लेहा बाई. आमच्यातल्या अर्ध्या तं तिसऱ्याच दिवशी पळाल्या." आणि तिनं वही ओढून घेतली आणि सही केली. एक एक अक्षर सोडवत. मला ती सही संपू नये असं वाटत होतं, कारण ती संपली की नातीकडे पाहावं लागणार होतं.

फोटो काढला. त्यात माझे डोळे मिटलेले आहेत.

परतीच्या बसमध्ये पोरीनं खिडकीची जागा स्वतःच घेतली. सकाळी प्रश्नांनी जीव खाणारी ही, आता खिडकीकडे तोंड करून बसलेली. मी दोनदा म्हटलं, "खाते का काही?" दोनदा मान हलली. मूर्तिजापूरला बस थांबली, तिनं खाली उतरून पाण्याची बाटली आणली, मला दिली, पुन्हा खिडकी. मी त्या पट्ट्यासमोर एवढी घाबरले नव्हते. तेव्हा एक हात जाणार होता. आता ते पोतं जिन्याखाली जाणार आणि माझ्या हातानं गेलेलं असणार. मी मनात वाक्यं जुळवत होते. सगळं खोटं नव्हतं, म्हणू? आठ तास उभी होतेच, म्हणू? तुझ्यासाठीच बोलले, म्हणू? तिसरं तर धडधडीत खोटं होतं, मी सुनेसाठी बोलले होते.

बडनेरा गेलं. अमरावतीत उतरलो, ऑटोत बसलो. ऑटो आमच्या गल्लीच्या तोंडाशी वळला तेव्हा दारात सून उभी दिसली, पदराला हात पुसत, वाट पाहत. नातीनं ऑटोवाल्याला जरा अलीकडेच थांबवलं. उतरली नाही. माझ्याकडे तोंड केलं आणि हळूच म्हणाली, "तू अकरा दिवस तरी टिकली, आजी. मी तं क्लासच्या चौथ्याच दिवशी पळणार होती, तुयी चार वर्षं आडवी आली. आता उद्याच्या सातच्या बॅचले जायचं का नाही, थे मी सकाळी उठून माया मनानं ठरवीन, तू मले उठवू नको. आन् आईले मात्र चारच सांगजो, तिले कळलं तं तुयं काही खरं नाही."